हजेरी शेवटी घ्यायची

श्रुतिकाच्या योगवर्गात हजेरी शेवटी घेतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुलगी विसरली असेल. मी पार्ल्याच्या एका कॉलेजात सदतीस वर्षं ग्रंथपाल होतो. वही केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी, एवढ्या एका बाबतीत माझी मतं ठाम आहेत. बाकी कशाचीच मला फारशी खात्री नसते, आणि आता जे सांगणार आहे त्याची तर मुळीच नाही.

"सुरुवातीला सगळे हजरच असतात, काका," श्रुतिका म्हणाली. "शेवटी विचारावं लागतं." मग तिने वही माझ्याच हातात दिली. "तुम्हीच घ्या ना हजेरी. तुमचं अक्षर चांगलं असणार."

मुलुंड पूर्वेला, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल आहे. पायऱ्यांच्या शेजारी उतार केलेला असल्यामुळे चाकांची खुर्ची थेट आत जाते. शुभाला, माझ्या बायकोला, दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. याआधी आम्ही दुसऱ्या एका वर्गात गेलो होतो. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मागे बसून बघा हं, आजी." शुभाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मीच घाईघाईने खुर्ची वळवून बाहेर पडलो.

श्रुतिकाकडे मागे बसायची सोयच नव्हती. नऊ माणसं, नऊ खुर्च्या, एक गोल. ती स्वतः लंगडत चालते. लहानपणी कमरेचं हाड मोडलं होतं. कोणाला जमिनीवर बसता येत नसे, कोणाचा खांदा आखडलेला, कोणाला दम लागायचा. लालबागेतून इकडे राहायला आलेल्या रुक्मिणीबाई गुडघ्यांमुळे खुर्चीवरून उठतही नसत. बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या धोंडिरामांचा डावा पाय मधुमेहात गुडघ्याखाली कापावा लागला होता. श्रुतिकाचा नियम सगळ्यांना एकच होता. जे अंगाला जमत नाही, ते मनात करायचं.

"पण खरंच करायचं," ती सांगायची. "समजा केलं, असं चालणार नाही. हात मनात उचललात, तर त्याचं वजन जाणवलं पाहिजे."

"माजा वजन मनात उचलूचा झाला तरी चार माणसां लागतली गो," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"आन् नसलेला पाय, म्याडम?" धोंडिरामांनी विचारलं. "त्यो बी उचलू?"

"उचला की."

"मंग झ्याक हाय. त्या पायाला साखर बी नाय."

शुभा हसली. झटक्यानंतर ती अर्ध्या चेहऱ्याने हसते, पण मला ते हसू पूर्ण दिसतं.

हजेरीचीही एक रीत होती. मी नाव घ्यायचं आणि ज्याचं त्याने उत्तर द्यायचं. "आलो" किंवा "आले". शुभा डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवायची. त्याला वेळ लागे. कधी वीस सेकंद, कधी पाऊण मिनिट. श्रुतिका थांबायची, म्हणून सगळे थांबायचे. मला मात्र ते असह्य व्हायचं. माझ्यामुळे लोक ताटकळले की मला घाम फुटतो. ग्रंथालयातही खिडकीपुढची रांग वाढली की बोटं ओली व्हायची. दवाखान्यात, दुकानात, शेजारी आले की दारात, मी शुभाच्या वतीने बोलायला लागलो होतो. तिला चहा नको. तिला आता बरं आहे. तिला पंखा चालेल. मी असं बोललो, की शुभा डाव्या हाताने माझं मनगट घट्ट दाबून धरायची. मी ते प्रेम समजत होतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पहिल्यांदा ते घडलं. आम्ही डोळे मिटून बसलो होतो. शुभा माझ्या डाव्या हाताला होती, म्हणजे तिची लुळी बाजू माझ्याकडे. "उजवा हात उचला," श्रुतिका म्हणाली, "आणि शेजारच्याच्या खांद्यावर ठेवा." आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात आला. उबदार. अंगठा मानेखालच्या हाडावर रुतवलेला, मी फार वेळ वाचत बसलो की ती पूर्वी रुतवायची तसा. मी डोळे उघडले. शुभाचा उजवा हात तिच्या मांडीवरच होता. बोटं मिटू नयेत म्हणून मी सकाळी मुठीत ठेवलेली रुमालाची गुंडाळीही तशीच होती. खांद्यावरचा अंगठा मात्र अजून दाबत होता.

मी कोणाला काही बोललो नाही. माझ्या वयाच्या माणसाने असलं काही बोलू नये, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी धोंडिरामांनी मला कोपऱ्यात गाठलं.

"सर, तुमी आयकलं का? टाचेचा आवाज?"

"कसला?"

"माझाच हाय." ते कुबडीवर रेलून हसले, पण त्यांच्या हातांवर काटा आलेला मला दिसला. "सा वर्सांनी आयकला. चप्पल एकच घेतो म्हनून रुसला आसंल."

पुढच्या आठवड्यात श्रुतिकाने चालणं शिकवायला घेतलं. डोळे मिटून, खुर्चीत बसल्या बसल्या, मनात उठायचं. समोरच्या खिडकीपर्यंत जायचं, गजाला हात लावायचा, परत यायचं, बसायचं. "घाई नको," ती म्हणायची. "आणि परत आल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत." शुभाला हे फार आवडलं. वर्गाची वेळ झाली, की ती स्वतः डाव्या पायाने फरशी ढकलत खुर्ची दाराकडे न्यायची. घरी तिचा चेहरा उजळलेला असे. संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायचो, आणि पुस्तक रटाळ असलं तर ती पूर्वीसारखीच हात मारून ते मिटवून टाकायची. चार पानांच्या पुढे टिकलेली पुस्तकं आमच्याकडे थोडी.

मग श्रुतिकाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती आठ दिवसांसाठी मानखुर्दला गेली. जाताना तिने आपल्या आवाजात तासभराचा वर्ग माझ्या फोनवर भरून दिला. छोटा स्पीकर आणि वही माझ्याकडे.

"हजेरी तेवढी नीट घ्या, काका. थांबून."

"हो हो."

पहिल्या दिवशी मी थांबलो. शुभाची टकटक यायला पाऊण मिनिटाच्या वर गेलं. श्रुतिका समोर नव्हती, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघत आहेत असं वाटत राहिलं. कोणी बघत नसणार. रुक्मिणीबाई तर जांभई देत होत्या. दुसऱ्या दिवशी मी "शुभा" असं म्हटलं आणि श्वासही न घेता माझ्याच आवाजात "आली" म्हणालो. वहीत बरोबरची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. कोणाला काही वावगं वाटलं नाही. नवरा बायकोच्या वतीने बोलला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही.

पाचव्या दिवशी वॉचमनला उशीर झाला, आणि त्याने पुसलेली फरशी वर्ग सुरू झाला तरी ओली होती. स्पीकरमधून श्रुतिका म्हणाली, "उठा. खिडकीपर्यंत चला." मी डोळे मिटायला विसरलो. ओल्या फरशीवर पावलं उमटत होती. कुठे गोल टाच, कुठे नुसता चवडा. धोंडिरामांच्या खुर्चीपासून दोन्ही पायांचे ठसे खिडकीकडे गेले आणि वळून परत आले. रुक्मिणीबाईंचे रुंद ठसे मध्येच थांबले, जणू गप्पा मारायला, आणि परत फिरले. फरशीवर कोणी नव्हतं. नऊ माणसं डोळे मिटून आपापल्या खुर्च्यांत बसली होती. म्हणजे आठ, माझे उघडे होते.

मी शुभाच्या खुर्चीसमोरची फरशी पाहिली. तिच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब आहे. लग्नात माझी आत्या त्यावरून बोलली होती. तिच्या खुर्चीपासून निघालेलं एकही पाऊल मला दिसलं नाही. मी घाबरून इकडेतिकडे पाहत राहिलो, तेव्हा ते दिसलं. खिडकीखाली. तिथेच, त्या एका कोपऱ्यात, लांब बोटाचे ठसे होते. पुष्कळ, एकमेकांत मिसळलेले. कोणीतरी तिथे बराच वेळ येरझारा घालत असावं तसे. तिकडे जाणारा माग नव्हता, कारण ती आज गेलीच नव्हती. आधीच तिथे होती.

पाच मिनिटांत फरशी वाळली. मी हजेरी घेतली. शुभाच्या नावापाशी आलो, तिच्याकडे पाहिलं. डोळे उघडे, श्वास चालू, मान किंचित कललेली. "आली," मी म्हणालो. का म्हणालो? सांगता येत नाही. बहुधा म्हटलं तर खरं होईल, असं वाटलं असावं.

घरी आल्यावर मी तिच्याकडे नीट पाहायला लागलो, आणि हे लिहिताना मला लाज वाटते, कारण त्याआधी तीन दिवस मला बरं वाटत होतं. शुभा फार सोपी झाली होती. समोर धरला तो घास खात होती. तिला न आवडणारी दुधी भोपळ्याची भाजीसुद्धा. मी पंखा लावला, पंखा चालला. बंद केला, तेही चाललं. मनगट दाबणं नव्हतं. संध्याकाळी मी वाचायला बसलो आणि कोणी पुस्तक मिटलं नाही. एकशे दहा पानांचं एक प्रवासवर्णन मी तिला सलग वाचून दाखवलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, आज हिला आवडलंय.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम माझ्या संग्रहातलं सर्वांत कंटाळवाणं पुस्तक काढलं, ग्रंथालयशास्त्राचं. वर्गीकरणाची कोष्टकं वाचत गेलो. आकडे, उपविभाग, पुन्हा आकडे. शुभा समोर बसून होती. नऊ वाजले. माझा आवाज बसला. तिच्या पापण्या वेळच्या वेळी लवत होत्या. मी पुस्तक तिच्या डाव्या हाताखाली धरलं आणि म्हणालो, "मिट की गं." हात पानावर नुसता पडून राहिला, ओल्या कपड्यासारखा.

उरलेले तीन दिवस मी तिला वर्गात नेलं, कारण न नेण्याची भीती जास्त होती. नाव घेतलं, की माझ्या तोंडून "आली" निघायचं. थांबलो असतो आणि काहीच वाजलं नसतं तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. डोळे मिटले, की खिडकीच्या बाजूने पावलांचा आवाज यायचा. दोन्ही पावलं सारखी, भरभर. झटक्याआधी ती तशीच चालायची. मी नेहमी दोन पावलं मागे. एकदा ती पावलं माझ्यापर्यंत आली. खांद्यावर हात आला, अंगठा रुतला, आणि मी ताठ बसून राहिलो. हात निघून गेला. तो शुभाच्या खुर्चीकडे गेला नाही, एवढं मला कळलं.

नवव्या दिवशी श्रुतिका परतली. दारातून आत येतानाच ती थबकली. नेहमी ती सगळ्यांना "काय मंडळी" म्हणते. त्या दिवशी ती सरळ शुभासमोर येऊन गुडघ्यांवर बसली, मोडक्या कमरेने तिला ते कठीण जातं तरीही, आणि तिच्या डोळ्यांत पाहत राहिली. मग माझ्याकडे हात केला. मी वही दिली.

"आठही दिवस हजर," ती म्हणाली. "उत्तर कोणी दिलं, काका?"

"पहिल्या दिवशी तिने."

"मग?"

धोंडिराम फरशीकडे बघू लागले. रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या, "लायब्ररीवाल्यांनीच. माका वाटला, नवराच तो."

श्रुतिका रागावली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"मी नऊ वर्षांची होते. कमरेपासून दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, चार महिने. कंटाळून मनात चालायला लागले. वॉर्डभर, मग जिन्यावर, मग बाहेर. तिथे पाय दुखत नाहीत ना, काका. एकदा परत आलेच नाही. डॉक्टर रोज विचारायचे, काय गं, बरं वाटतंय का? आणि आई सांगायची, हो, बरी आहे, जेवली, झोपली. नऊ दिवस. मी सगळं ऐकत होते, जिन्यातून. माझं सगळं माझ्याशिवाय नीट चाललं होतं."

"मग आलीस कशी?"

"वॉर्डात झाडू मारणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी विचारलं, पोरी, हायेस का? आणि आईने तोंड उघडलं, तर तिला म्हणाल्या, तुला नाय इचारलं. आणि झाडू टेकवून उभ्या राहिल्या. खूप वेळ." श्रुतिकाने वही माझ्या मांडीवर ठेवली. "विचारा. एकदाच. आणि मग काही बोलायचं नाही. ये म्हणायचं नाही, शपथ घालायची नाही, रडायचं नाही. तिला यायचं असेल तर ती येईल."

"आणि नसेल तर?"

"तर तेसुद्धा तिचंच उत्तर."

"पण मग ही... हिचं काय?" मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीतल्या बाईच्या हनुवटीवर लाळ आली होती. मी ती पुसायला हात उचलला आणि खाली घेतला.

"माहीत नाही, काका. शरीर किती दिवस थांबतं, ते कोणालाच माहीत नसतं."

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. सकाळचे आठ वाजले असतील. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. मी वही उघडली, खरं तर गरज नव्हती.

"शुभा," मी म्हणालो.

सुरुवातीचं पाऊण मिनिट मला पाठ होतं. ते गेलं. मग एक मिनिट, मग मोजणं सुटलं. माझ्या तोंडात शब्द तयारच होता. आली. आली म्हणालो असतो तर सगळे सुटले असते. धोंडिरामांना दवाखान्यात जायचं होतं, उशीर झाला तर त्यांचा नंबर जाणार होता. मी दात आवळले. धोंडिरामांनी कुबडी आडवी ठेवली आणि मांडीवर हात घेऊन नीट बसले.

पावलं आली. खिडकीकडून, पण या वेळी सावकाश. डोळे उघडे असूनही मला काही दिसत नव्हतं. फक्त मधली हवा ढवळल्यासारखी होत होती, तव्यावरची होते तशी. पावलं शुभाच्या खुर्चीच्या मागे येऊन थांबली. खुर्चीची मूठ किंचित करकरली, कोणीतरी तिच्यावर हात टेकवल्यासारखी. मी तिथे पाहत होतो आणि माझ्या लक्षात आलं, की तीही खुर्चीकडे पाहते आहे. त्या कललेल्या मानेकडे, मुठीतल्या रुमालाकडे, पडू नये म्हणून खुर्चीला घट्ट बांधलेल्या पट्ट्याकडे. त्या खुर्चीत परत बसायचं म्हणजे काय, ते मी दीड वर्षात एकदाही तिला विचारलं नव्हतं.

खूप वेळ गेला. बाहेरची गाडी धुऊन झाली.

मग माझ्या खांद्यावर हात आला. अंगठा रुतला नाही. हात नुसता ठेवला गेला, आणि उचलला गेला. पावलं दाराकडे निघाली. मी "शुभा" असं दुसऱ्यांदा म्हणणार होतो. श्रुतिकाने माझ्याकडे पाहून मान हलवली.

टकटक झाली नाही.

मी पेन उघडलं. अक्षर चांगलं आलं नाही. शुभाच्या नावापुढे मी लिहिलं, गैरहजर. मग आधीच्या सात खुणा एकेक करून खोडल्या आणि प्रत्येकीपुढे तेच लिहिलं. कोणी घाई केली नाही. रुक्मिणीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "उद्या परत विचारा हां." श्रुतिका म्हणाली, "रोज विचारायचं."

उतारावरून मी खुर्ची खाली आणली. पाच मिनिटांचा रस्ता, पण मला बराच वेळ लागला, कारण मी सारखा थांबत होतो. मागे वळून पाहत नव्हतो. तिला ओढायचं नाही, तेवढं मी पाळलं. भाजीवाल्याने विचारलं, "काकी कशा आहेत?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि त्याच्याकडे पाहून नुसती मान लववली.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची तेजल आधीच उभी होती, कॉलेजला जाताना काहीतरी विसरून परत आलेली. मी खुर्ची आत घेतली आणि दाराच्या फटीत हात धरून ठेवला. दार माझ्या हाताला लागून मागे सरायचं, परत यायचं. लिफ्टने शिट्टी वाजवायला सुरुवात केली.

"अंकल, अजून कोणी यायचंय का?" तेजलने घड्याळाकडे बघत विचारलं.

"मला माहीत नाही गं," मी म्हणालो, आणि हात काढला नाही.